कृपा आधी, बाकीचं मागून

बाप्तिस्मा झालेला आहे. रविवारची उपासना चुकत नाही. कमाईचा दशांश चर्चला वेळेवर जातो, ईस्टरआधीच्या लेंटमध्ये उपास होतात, बैठकीच्या भिंतीवर वचनाचं कॅलेंडर आहे. आणि तरी रात्री दिवा मालवून अंथरुणावर पडलं की मनात तेच घोळतं: देव माझ्यावर राजी नाही. अशा माणसासाठी मी हे लिहिते आहे. ख्रिस्ती विश्वास काय सांगतो हे नुसतं समजून घ्यायचं असेल त्यांनीही वाचावं, फक्त एवढं ध्यानात ठेवावं की मी विश्वास ठेवणारी बाई म्हणून बोलते आहे.

मी नागपुरात नर्स होते. नोकरीतली बरीच वर्षं पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात गेली, त्यातही रात्रपाळ्या पुष्कळ. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणायचे, चर्चच्या मंडळीत आता मावशी म्हणतात. निवृत्त झाल्यापासून सदर, मेकोसाबाग, जरीपटका इकडच्या घरांतून आजारी माणसांना भेटायला जाते. रात्री दोन-अडीचला सलाइन बदलताना माणसं जे विचारतात ते दिवसा नातेवाइकांसमोर विचारत नाहीत. आमच्या ख्रिस्ती माणसांकडून एकच प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे: "मले माफी भेटन का वो, सिस्टर?" त्याचं उत्तर शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्पष्ट आहे. पण ते उत्तर आपल्यापर्यंत पोचू द्यायचं कसं, हे कोणी नीट बसून सांगत नाही. ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

क्रम पक्का करा

बहुतेकांच्या डोक्यात क्रम असा असतो: मी सुधारेन, मग देव प्रसन्न होईल, मग मला शांती मिळेल. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा आणि पहिली अकरा वचनं सावकाश वाचा. तिथे क्रम बरोबर याच्या उलट आहे. विश्वासाने आपण नीतिमान ठरवले गेलो, म्हणून प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर आपली शांती झाली, असं पहिलं वचन सांगतं. आठव्या वचनात आहे की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. दहाव्यात तर आपण देवाचे वैरी असतानाच त्याच्याशी आपला समेट झाला असं म्हटलं आहे. आपण सुधारू म्हणून देव थांबून राहिला नाही. पहिलं पाऊल त्याचं होतं, आणि ते आपण पाठ फिरवून उभे असताना पडलं. लायकी न बघता, काही न कमावता जे देवाकडून येतं त्याला आपण कृपा म्हणतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हेच आणखी रोखठोक सांगतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणजे कोणाला फुशारकी मारायला जागा उरत नाही.

आपल्या नागपूरकरांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. कवी ना. वा. टिळक, जे पुढे रेव्हरंड झाले, १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक काही येशूला शोधायला गाडीत बसले नव्हते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कृपा अशी आडवी येते, आपण दुसऱ्याच कामाला निघालेलो असताना.

हा क्रम डोक्यात बसला नाही तर पुढचं काहीही करू नका. उलट्या क्रमाने केलेला पश्चात्तापसुद्धा देवाला खूश करायची धडपड होऊन बसतो, आणि माणूस अजून थकतो.

कागद घेऊन बसा

"मी फार पापी आहे" हे म्हणायला सोपं असतं. प्रार्थनेत आपण सगळेच म्हणतो आणि त्याने कोणाचं काही हलत नाही. मोकळेपणा येतो तो नेमकं नाव घेतल्यावर. स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो की गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजून गेली. मी ते वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि माणूस मात्र आत आत चाललेला.

अर्धा तास एकटं बसता येईल अशी वेळ काढा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. निर्गमच्या विसाव्या अध्यायातल्या दहा आज्ञा एकेक करून वाचा आणि प्रत्येकीपाशी थांबा. जे आठवेल ते लिहा: कोणाचं, काय, केव्हा. "त्यानेही केलं होतं", "तेव्हा परिस्थितीच तशी होती" अशी शेपटं जोडू नका. दुसऱ्यांची पापं तर मुळीच लिहू नका. सासूचं, जावेचं, साहेबांचं लिहायला लागलात की कागद भरून जाईल आणि तुमचं एकही त्यात नसेल. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) दिलेलं वचन साधं आहे: पापं पदरी घेतली तर देव विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करील आणि शुद्ध करील. हा कागद देवाला माहिती पुरवायला नाही, त्याला सगळं ठाऊकच आहे. तुम्ही ते पदरात घ्यावं म्हणून लिहायचं.

आता यातली एक गोष्ट मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण बायकांच्या बाबतीत इथेच सगळं अडतं. लिहून झालं की कागद परत वाचा आणि जे पाप नाहीच ते जाड रेघ मारून खोडा. गर्भ पडला. बाळ जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं. नवऱ्याला कॅन्सर झाला. लहानपणी घरातल्याच कोणी अंगाला हात लावला आणि आपण ओरडलो नाही. किती बाया माझ्यापाशी हे पाप म्हणून सांगतात! "मावशी, देवानं मले शिक्षा देल्ली." नाही दिली, बाई. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि ह्याच्या आईबापाचंही नाही. जे तुमच्यावर झालं ते तुमचं पाप नाही. त्याची क्षमा मागत बसाल तर ती मिळाली असं कधीच वाटणार नाही, कारण मागण्यासारखं तिथे काही नाहीच. तिथे हवं ते सांत्वन, आणि तेही देवाकडेच मागायचं.

देवाला देणं थांबवा

काटोलकडचे एक आजोबा आमच्या वॉर्डात होते. संत्र्याच्या बागा, कळमन्याच्या बाजारात माल, घरात सुबत्ता. उशाशी त्यांचंच बायबल असायचं, आणि वाचून दाखव म्हणून तेच सांगायचे. (कोणी मागितल्याशिवाय रुग्णाच्या उशाशी शास्त्र उघडायचं नसतं, हे नव्या मुलींना मी नेहमी सांगते.) एका रात्री ते मला मोजून दाखवायला लागले: मंडळीला पंखे दिले, बाकं दिली, दर ख्रिसमसला जेवण घातलं. मग म्हणाले, "एवढं केलं देवासाठी, तरी झोप नाई येत. अजून काय द्या लागन?"

मी लूकचा अठरावा अध्याय काढला. मंदिरात दोघे प्रार्थनेला गेले, एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम कसोशीने पाळणारा, आणि एक जकातदार, म्हणजे करवसुलीत लोकांना लुबाडणारा. परूशी आपले उपास आणि दशांश सांगतो. जकातदार दूर उभा राहून, छाती बडवत एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." आणि येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. आजोबांनी विचारलं, "त्या माणसानं काईच नाई देल्लं?" मी म्हटलं, "काहीच नाही. त्याच्यापाशी होतं काय? जे होतं ते लबाडीचं." ते भिंतीकडे तोंड करून पडले. पुढच्या फेरीला मी बीपी घ्यायला गेले, दंडाला पट्टा बांधला, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "भावाची बाग." तरुणपणी कागदं फिरवून धाकट्या भावाच्या वाट्याची बाग त्यांनी आपल्या नावावर करून घेतली होती. पंखे आणि बाकं त्या बागेवर घातलेलं पांघरूण होतं. मी काही बोलले नाही. त्यांनी स्वतःच जकातदाराचे शब्द म्हटले, दोनदा. पहाटे मी टेम्परेचर घ्यायला गेले तर गाढ झोपले होते. मी उठवलं नाही, ते टेम्परेचर उशिरा लिहिलं.

त्या वेळी भावाला अजून काही परत मिळालेलं नव्हतं. ते पुढे येतं, त्याच्या जागी.

आपण सगळे असंच देत असतो. कोणी लेंटचे चाळीस दिवस मांस सोडतं आणि मनात म्हणतं, आता तरी. कोणी सेमिनरी हिल्सवर लूर्द मातेपुढे मेणबत्ती लावताना सौदा ठरवून येतं. उपास वाईट नाही, मेणबत्ती वाईट नाही. त्याने देवाचं मन वळेल ही समजूत चुकीची आहे, कारण त्याचं मन आधीच आपल्याकडे वळलेलं आहे.

हे पचत नसेल तर मत्तयाचा विसावा अध्याय वाचा आणि वाचताना आपल्या चौकातला मजुरांचा ठिय्या डोळ्यांसमोर आणा. थापी, घमेलं, डब्याची पिशवी घेऊन सकाळी माणसं उभी असतात. धट्टेकट्टे आधी उचलले जातात. दहा वाजून गेले की ठेकेदार येत नाही, तरी काही जण उभेच राहतात, रिकाम्या हाताने घरी जायचं कसं म्हणून. दाखल्यातला मळ्याचा धनी संध्याकाळी, दिवसाचा एकच तास उरलेला असताना, अशांना घेऊन जातो आणि पूर्ण दिवसाची मजुरी हातावर ठेवतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात, आणि मला त्यांची कुरकुर समजते. पण त्या संध्याकाळच्या माणसाच्या घरी चूल पेटायला लागते ती पूर्ण मजुरीनेच, तासाभराच्या हिशोबाने नाही. धन्याने ते बघितलं.

वधस्तंभापाशी थांबा

"देव कनवाळू आहे, सोडून देईल" असं म्हणून ही पायरी ओलांडू नका. देवाने नुसतं सोडून दिलं असतं तर त्या धाकट्या भावाचं काय? त्याची बाग गेली, त्याची मुलं दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायला गेली. त्याच्या दुःखाकडे कानाडोळा करणारी क्षमा मला तरी नको. वधस्तंभावर देवाने कानाडोळा केला नाही. पापाची खरी किंमत होती, आणि ती त्याने पुत्राच्या रूपात स्वतःच्या अंगावर घेतली. यशयाच्या ५३ व्या अध्यायात आहे की आपल्याला शांती देणारी शिक्षा त्याच्यावर पडली. कलस्सैकरांस पत्र (१:२०) म्हणतं की त्याच्या वधस्तंभावरच्या रक्ताने शांती केली गेली. म्हणून ही शांती फुकट मिळते तरी स्वस्त नाही.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन बसून येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायची आपली पद्धत आहे. बाहेर ऊन तापलेलं असतं, पंख्यांचा आवाज, लहान मुलं चुळबुळतात. त्या तीन तासांत एका उद्गारापाशी जागे राहा. शेजारच्या वधस्तंभावरचा चोर म्हणतो, आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा. उत्तर येतं, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायला, दशांश द्यायला, कोणाचे पैसे परत करायला वेळ नव्हता. हातपायसुद्धा हलत नव्हते. मरणाच्या दारात असलेल्या कोणाहीपाशी बसायची वेळ आली तर लूकच्या २३ व्या अध्यायातली ही चार-पाच वचनं वाचा. याहून योग्य मजकूर मला माहीत नाही.

मोठ्याने म्हणा, मोठ्याने ऐका

मनातल्या मनात केलेली प्रार्थना घसरते, म्हणून ओठ हलवून बोला. शब्द तुमचेच असू द्या. सुचत नसतील तर असं म्हणा:

"बापा, हा कागद माझा आहे. यात लिहिलं ते मी केलं. हे फेडायला माझ्यापाशी काही नाही आणि मी फेडायचा प्रयत्न आता सोडते. तुझ्या पुत्राने माझ्यासाठी जीव दिला यावर मी विश्वास ठेवते. मला क्षमा कर. तू क्षमा केलीस हे मी तुझ्या शब्दावरून मानते, मला काय वाटतं यावरून नाही. आमेन."

मग कागद फाडून टाका. तो जपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, पुन्हा पुन्हा काढून वाचतात. मीखा संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो असं आहे. तिथून ती गळ टाकून वर काढायची नाहीत.

रविवारच्या उपासनेत सामुदायिक पापांगिकार होतो आणि लगेच पाळकसाहेब क्षमेचं वचन वाचतात. त्या क्षणी निम्मी मंडळी पुढच्या गीताचा नंबर शोधत असते! आठवडाभर ज्यासाठी जीव तळमळला ते पुढून मोठ्याने सांगितलं जातंय आणि आपण पानं उलटतोय. गीताचा नंबर शेजारणीला विचारता येईल. मान वर करून ते वचन स्वतःसाठी ऐका. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा, आणि फादर क्षमेची प्रार्थना म्हणतात तेव्हा आपण काही विसरलो का याची उजळणी करत बसू नका.

इथे एका जुन्या वादाचं सांगायला हवं, कारण सदरमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी दोन्हीकडची घरं एकमेकांत सोयरीक करतात आणि साखरपुड्यालाच वाद निघतो: तुमच्यात कर्माने तारण, आमच्यात कृपेने. असं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांपैकी लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा: देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नाही, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणं नवी करून आपल्याला सत्कर्मांसाठी बोलावतो. २००६ मध्ये मेथडिस्टांची जागतिक परिषद त्यात आली, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या आल्या. काही फरक अजून आहेत, पण या मुद्द्यावर साखरपुडा मोडायचं कारण उरलेलं नाही. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते याच नागपुरात, हे आपल्या पोरांना सांगत जा.

"मी लायक नाही" म्हणून मागे बसू नका

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, रविवारी काही माणसं बाकावरच बसून राहतात. विचारलं की म्हणतात, मन साफ नाही, अयोग्य रीतीने घेतलं तर शिक्षा होते असं लिहिलंय. लिहिलंय खरं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात. पण विसाव्या वचनापासून वाचा. करिंथमधली खात्यापित्या घरची माणसं आधीच जेवून, पिऊन मोकळी व्हायची आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहायच्या. पौल चिडला तो यावर. स्वतःची परीक्षा करा, असं तो म्हणतो, आणि मग खा, असंही त्याच वचनात म्हणतो. लायक माणसासाठी हे भोजन ठेवलेलंच नाही. रडत आलात तरी या. शेजारच्या बाकावरच्या माणसाशी बोलणं तुटलेलं असेल तर मात्र आधी त्याच्याकडे जा.

काहीच वाटलं नाही तर

हे सगळं केलं आणि आत काही हललं नाही, असं बरेचदा होतं. देवाबरोबरची शांती वेगळी आणि मनाला वाटणारी शांतता वेगळी. पहिली रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली, झालेला समेट; तो तुमच्या मूडवर उभा नाही. दुसरी फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातली, अंतःकरण राखणारी. ती येते, कमी होते, परत येते. पहिली पक्की धरून दुसरीची वाट बघा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. विद्वत्ता, त्याग, सेवा, कशात म्हणून त्या कमी नव्हत्या. आणि त्यांनीच पुढे सांगून ठेवलं आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. आपण तेवढ्यात हिरमुसायचं काय कारण?

नर्स म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. अपराधीपणा काही केल्या जात नाही, झोप तुटली आहे, अन्न नको वाटतं, जगणं नको वाटतं, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर ते विश्वासाची कमतरता म्हणून सोसू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. डॉक्टरकडे जा. मनाच्या आजारांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. एलीया संदेष्टा झुडुपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं नंतर झालं. गोळी घेऊन प्रार्थना करणारा माणूस कृपेवर कमी विसंबलेला नसतो.

आता भरपाई

क्षमा मिळाली, आता परत करा. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने येशूला घरी घेतल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवलेल्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. पण 'तुझ्या घरी येतो' असं येशू त्याच्या आधीच म्हणाला होता. पौलाला लोकांनी टोमणा मारलाच होता की कृपा वाढावी म्हणून पाप करत राहू या का. त्याचं उत्तर आहे, कधीच नाही.

आजोबांनी मुलाला पाठवून भावाला बोलावून घेतलं. तो एसटीने आला, पायात वहाणा तशाच, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. आजोबांनी सगळं सांगितलं, मुलांदेखत. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कागद कर." तेवढंच. डिस्चार्ज झाल्यावर वकील गाठून बक्षीसपत्र झालं, सातबाऱ्यावर भावाचं नाव चढलं. पुढे दोघं सणाला एकत्र जेवले असं मी ऐकलं नाही. ते भावाच्या हाती होतं, आणि ते मागायचा हक्क आजोबांना नव्हता. तुम्हीही परत करताना बदल्यात प्रेम मागू नका.

जमीन, पैसा असेल तर लेखी करा. खोटं बोलून कोणाची बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढेच जाऊन खरं सांगा. समोरच्याला जे माहीतच नाही आणि कळून फक्त त्याचंच मन मोडेल, ते आपला भार हलका करायला जाऊन सांगू नका; आधी पाळकांशी किंवा एखाद्या जाणत्या माणसाशी बोला. देणं मोठं असेल तर जमेल तेवढ्यापासून सुरू करा.

आणि मार खाणाऱ्या बायांनो, कृपेच्या नावाखाली तुम्हाला कोणी परत त्या घरात ढकलत असेल तर ऐकू नका. क्षमा करायची म्हणजे उद्या परत गाल पुढे करून त्याच खोलीत झोपायचं, असं होत नाही. त्याने पश्चात्ताप केला असेल तर तो त्याच्या वागण्यात दिसू दे, तोवर तुम्ही माहेरी, नाहीतर जिथे सुरक्षित असाल तिथे राहा. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

कोणापाशी बोलायचं

हे एकट्याने करता येतं, पण बरोबर कोणी असलं तर चांगलं. उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन करताना पाळकसाहेबांना हे सांगायला जाऊ नका. मागे रांग असते, त्यांचंही लक्ष नसतं. मधल्या वारी फोन करून वेळ मागून घ्या. "मला क्षमेबद्दल बोलायचंय" एवढं म्हटलंत तरी पुरतं. पाळकांपाशी बोलवत नसेल तर महिला मंडळात, प्रार्थना गटात एखादी तोंडाची घट्ट बाई असतेच, तिच्यापाशी जा. ती तिचं स्वतःचं काही सांगायला लागली तर ऐकून घ्या, पण मग तुमचंही सांगूनच उठा.

आणि अशा वेळी कोणी म्हणालं की आधी एवढं अर्पण द्या, एवढ्या शुक्रवारच्या सभा भरा, अमुक तेल विकत घ्या, मग देव तुमच्याशी समेट करील, तर तिथून उठा आणि बाहेर पडा. तो माणूस कितीही मोठ्याने प्रार्थना करत असो, त्याच्या मागे कितीही गर्दी असो. रिक्षा करून घरी या आणि दुसऱ्या पाळकांना फोन लावा.